खलनायकाच्या गोष्टीसाठी वेगळे पैसे? (आर्डिन, ओ'डिम आणि इतर मंडळी)

रातकिडा (धागाकर्ता)

आधीच सांगतो, धाग्यात स्पॉयलर पोत्याने आहेत. फायनल फॅन्टसी १५ आणि विचर ३ ज्यांचे खेळायचे राहिलेत त्यांनी इथूनच मागे फिरा.

सेलमध्ये फायनल फॅन्टसी १५ चा 'एपिसोड आर्डिन' घेतला. हा डीएलसी, म्हणजे मूळ गेमला नंतर पैसे देऊन जोडायचा भाग. दोन-तीन तासांचा ऐवज, एका बैठकीत संपला. संपल्यावर जी चिडचिड झाली ती कुठेतरी ओतायला हवी म्हणून हा धागा.

फायनल फॅन्टसी १५ आला नोव्हेंबर २०१६ मध्ये. गोष्ट विस्कळीत, अर्धी बाहेरच्या सिनेमात आणि अ‍ॅनिमेत सांडलेली, हे सगळं मान्य. पण त्यातला आर्डिन हा खलनायक मला अलीकडच्या जपानी आरपीजींमध्ये (एखादं पात्र होऊन खेळायच्या गोष्टीवजा गेम) सगळ्यात जास्त आवडला. पहिल्यांदा भेटतो तो गॅल्डिन कीच्या धक्क्यावर. भर उन्हात अंगावर थरावर थर कपडे, डोक्यावर हॅट, बोलणं लाडिक, जाता जाता नाणं फेकून जातो. मग आपल्याच पुढे गाडी हाकत रस्ता दाखवतो, एका रात्री मुक्कामालाही सोबत असतो. हा निफ्लहाइम साम्राज्याचा चॅन्सेलर आहे हे कळूनही आपण त्याच्या मागे जातो, कारण दुसरा रस्ताच नसतो. पुढे आल्टिशियात तो नायकाच्या वाग्दत्त वधूला, लुनाफ्रेयाला, शांतपणे भोसकतो. धावत्या ट्रेनवर असा चकवा करतो की नायक नॉक्टिस स्वतःच्या हाताने आपल्या मित्राला, प्रॉम्प्टोला, खाली ढकलतो. आणि तेराव्या चॅप्टरमध्ये बराच वेळ तो समोर येतच नाही, नुसता लाउडस्पीकरवरून टोमणे मारतो. त्या चॅप्टरला लोकांनी इतक्या शिव्या घातल्या की मार्च २०१७ मध्ये पॅच काढून ग्लॅडिओचा (नॉक्टिसचा दुसरा मित्र) वेगळा मार्ग द्यावा लागला. पण मला विचाराल तर तो आवाज अजून कानात आहे.

त्याचं खरं नाव आर्डिन ल्युसिस केलम, म्हणजे तो नायकाच्याच घराण्यातला, हे बेस गेममध्ये (मूळ गेममध्ये) दोन-चार वाक्यांत उरकलंय. मला ते पुरलं होतं.

मग २६ मार्च २०१९ ला हा डीएलसी. त्याआधी फेब्रुवारीत एक छोटा अ‍ॅनिमे. त्यात कळतं की दोन हजार वर्षांपूर्वी आर्डिन रोग्यांची बाधा स्वतःच्या अंगावर घेऊन त्यांना बरं करायचा आणि त्याचा भाऊ सोम्नस त्याच रोग्यांना जिवंत जाळायचा. सोम्नसच्या वारात आर्डिनची प्रेयसी एरा मेली, राजा ठरवणाऱ्या क्रिस्टलने आर्डिनला झिडकारलं आणि त्याला एंजेलगार्ड बेटावर कोंडून ठेवलं. राजा झाला सोम्नस. इथवर ठीक. कितीही जुनी वाटली तरी दोन भाऊ आणि एक सिंहासन ही गोष्ट चालतेच.

माझं डोकं फिरलं ते शेवटी. बहामुट नावाचा देव प्रकटतो आणि सांगतो की बाबा रे, तुझा जन्मच अंधार पसरवण्यासाठी आणि मग खऱ्या राजाच्या हातून मरण्यासाठी झालाय. म्हणजे आर्डिनने जे जे केलं ते देवाच्या स्क्रिप्टमध्ये आधीच होतं! ज्या माणसाचा मला राग यायचा, ज्याची धास्ती वाटायची, तो एकदम सरकारी परिपत्रकाची अंमलबजावणी करणारा कारकून झाला. लुनाफ्रेयाला मारताना त्याच्या चेहऱ्यावर जी मजा होती ती कुणाची मग? बहामुटची?

याच्या उलट विचर ३ चा 'हार्ट्स ऑफ स्टोन'. गॉन्टर ओ'डिम कोण आहे, कुठून आला, हे शेवटपर्यंत सांगत नाहीत आणि म्हणूनच तो भीती घालतो. बेस गेमच्या सुरुवातीला व्हाइट ऑर्चर्डच्या खानावळीत हाच माणूस आरसेविक्या म्हणून बसलेला असतो, आपला नायक जिला शोधतोय ती येनेफर कुठे गेली हे सांगून जातो, आणि आपण त्याला विसरूनही जातो. मग ऑक्टोबर २०१५ मध्ये डीएलसी येतो आणि तोच माणूस टाळी वाजवून अख्खी खानावळ थिजवतो. मध्ये बोलणाऱ्या एका दारुड्याच्या डोळ्यात लाकडी चमचा खुपसतो, पुन्हा टाळी वाजवतो आणि निघून जातो. कारण दिलंय? नाही. लागतं का? मला तरी नाही लागत.

तर मंडळी, बोला. खलनायकावर डीएलसी काढायचा तर त्याची जन्मकुंडली मांडावी की त्याला नुसता जास्त वेळ द्यावा?

मेथांबा

वाखुसा (वाचनखूण साठवली). रात्री सविस्तर लिहिते. तोवर एवढंच की मुद्दा कुंडलीचा नाहीये.

कोकमसरबत

रातकिडा, तू डीएलसी खेळलास पण बेस गेम नंतर परत खेळला नाहीस, बरोबर? खेळून बघ.

तेराव्या चॅप्टरमध्ये आर्डिन नॉक्टिसला चिडवत चिडवत नेतो कुठे? थेट क्रिस्टलपाशी. जिथे गेल्यावर नॉक्टिसला त्याला मारायची ताकद मिळणार आहे. बेस गेम खेळताना मला हे अहंकारी माणसाचं खेळणं वाटलं होतं. डीएलसीनंतर तेच सीन पाहिले तर एक माणूस स्वतःच्या मरणाची तारीख अलीकडे आणायला धडपडतोय असं दिसतं. लवकर राजा हो, लवकर ये, मला संपव, पण आधी तुझंही घर मी उद्ध्वस्त करणार. सोम्नसच्या वंशाचा सूड आणि स्वतःची सुटका, दोन्ही एकाच वाटेने.

आणि शेवटी तुला निवड देतात ना: नशीब स्वीकार किंवा धुडकाव. काहीही निवड, पुढे बेस गेममध्ये जे घडायचं ते घडतंच. लोक म्हणतात खोटी निवड आहे. अहो, पण खेळणाऱ्याला निवड देऊन ती काढून घ्यायची, यापेक्षा आर्डिनची अवस्था कशी दाखवणार? कटसीनमध्ये (नुसता बघायच्या सिनेमासारख्या तुकड्यात) कुणी "मी असहाय आहे" म्हटलं असतं तर तुलाच जांभई आली असती.

बाकी कारकून वगैरे ठीक आहे, हसलो. पण कारकून राजधानी इन्सोम्नियाच्या गच्च्यांवरून असा उडत फिरत नाही. लढायला तो चारही मित्रांपेक्षा मजेशीर आहे. पहारेकऱ्यांना पकडून डीमन (राक्षस) करून टाकायचं, शहराची संरक्षक भिंत तोलून धरणारी यंत्रं फोडायची, आणि हे सगळं कधी? सोम्नसच्या नावाने शहरात स्थापनेचा उत्सव चालू असताना. चौकाचौकात ज्याचा उदोउदो चाललाय तो आपल्या बाईचा मारेकरी आहे आणि हे शहरात फक्त आपल्याला माहीत आहे. मी तर तिथे आर्डिनच्याच बाजूने होतो.

रातकिडा

शहराचा भाग भारी आहे, त्यावर वाद नाही. माझी तक्रार तो भाग संपल्यावर सुरू होते. उत्सवात आग लावणारा आर्डिन स्वतःच्या रागाने आग लावतोय. अर्ध्या तासाने बहामुट येऊन म्हणतो की तो रागही मीच पेरलाय. तिथेच हवा गेली.

टपरीवरचा चहा

चांगला धागा. एक व्यावहारिक सल्ला टाकून जातो, गोष्टीशी संबंध नाही पण पैसे वाचतील. कन्सोलवर जुनी डिस्क घेऊन वर डीएलसी विकत घेणार असाल तर आधी डिस्क कुठल्या रिजनची आहे ते बघा. आमच्या गावातल्या दुकानदाराने स्वस्तात बाहेरची डिस्क गळ्यात मारली, मी इथल्या स्टोअरवरून डीएलसी घेतला, आणि गेमने त्याला ओळखच दाखवली नाही. डिस्क ज्या रिजनची, डीएलसीही त्याच रिजनच्या स्टोअरचा लागतो. त्यापेक्षा सगळं एकत्र असलेली आवृत्ती घ्या, पण तीही पारखून. फायनल फॅन्टसी १५ ची रॉयल एडिशन मार्च २०१८ ची आहे, म्हणजे आर्डिन त्याच्या वर्षभरानंतर आला. तो वेगळाच घ्यावा लागतो.

पाचवा प्रहर

आर्डिनवर बोलताना तो कुठल्या परिस्थितीत आला ते विसरू नका. २०१७ मध्ये ग्लॅडिओ, प्रॉम्प्टो, इग्निस असे तीन एपिसोड झाले. २०१८ मध्ये जाहीर केलं की आणखी चार येणार: आर्डिन, अरानिया, लुनाफ्रेया, नॉक्टिस. चौघांचे मिळून एक पर्यायी शेवट, देवांविरुद्धचं बंड. मग नोव्हेंबर २०१८ मध्ये दिग्दर्शक हाजिमे तबाता कंपनी सोडून गेल्याचं कळलं, तीन एपिसोड रद्द झाले, आणि ज्याचं काम पुढे गेलेलं होतं तो एकटा आर्डिन उरला. बाकीच्यांची गोष्ट कादंबरीच्या पानांत गेली.

म्हणजे तुम्ही ज्याला शेवट म्हणताय तो मुळात चार अंकी नाटकाचा पहिला अंक होता. बहामुटला खलनायक केलं होतं ते पुढच्या तिघांनी त्याचा हिशेब चुकता करावा म्हणून. पुढचे अंक झालेच नाहीत. त्यामुळे रातकिड्याला जी हवा गेल्यासारखी वाटली ती खरी आहे, पण पंक्चर लेखकांनी काढलेलं नाही.

तरीही मी रातकिड्याच्या बाजूने आहे आणि माझा साक्षीदार मास इफेक्ट. पहिल्या भागात व्हर्मायर ग्रहावर सॉव्हरिनशी, म्हणजे रीपर नावाच्या संहारक यंत्रांपैकी एकाशी, झालेलं बोलणं आठवा. आम्ही काय आहोत ते तुमच्या आकलनाबाहेर आहे, असं म्हणून तो विषय बंद करतो. मी तेव्हा हॉस्टेलमध्ये दिवे घालवून खेळत होतो, अंगावर काटा आला होता. ऑगस्ट २०१२ मध्ये तिसऱ्या भागाचा 'लेव्हायथन' डीएलसी आला आणि रीपर कुणी, का, कसे बनवले ते समुद्राच्या तळाशी बसवून नीट समजावून सांगितलं. कथा म्हणून चोख. मार्चमध्ये आलेल्या तिसऱ्या भागाच्या शेवटावरून जो गोंधळ झाला होता त्यात त्याची गरजही असेल. पण तेव्हापासून सॉव्हरिन बोलायला लागला की मला मागे त्याचं घराणं दिसतं.

जुनाट कीबोर्ड

पोरांनो, डीएलसी हे नाव घरोघरी पोचण्याच्या जरा आधीची गोष्ट सांगतो. नेव्हरविंटर नाइट्स २ चं 'मास्क ऑफ द बिट्रेयर' २००७ मध्ये आलं. तेव्हा आम्ही याला एक्स्पान्शन म्हणायचो आणि ते खोक्यातून यायचं. सुरुवातीलाच तुमच्या अंगात एक शाप बसतो, आत्मे खायची भूक. खाल्लं नाही तर तुम्ही झिजता. खाल्लं तर भूक वाढते. हळूहळू कळतं की ही भूक आकाची नावाच्या एका पुजाऱ्याची आहे. मृत्युदेवाचाच पुजारी, पण ज्यांनी कुठलाच देव मानला नाही त्यांचे आत्मे ज्या भिंतीत चिणले जातात तिच्यात त्याची प्रेयसी गेली. तिला सोडवायला त्याने स्वतःच्याच देवावर फौज नेली. हरला, आणि शिक्षा म्हणून त्याची ही दशा झाली.

आता गंमत बघा. आकाची तुम्हाला कुठे भेटतो? जवळजवळ कुठेच नाही. तो तुमच्या पोटात आहे. नकाशावर प्रवास करायचा, विश्रांती घ्यायची, तरी मनात हिशेब चालू: पट्टी किती खाली आली, आता कुणाला खावं. कित्येकांनी या पट्टीला शिव्या दिल्या, फुकटची कटकट म्हणाले. पण त्याचं दुःख कळायला मला एकाही कटसीनची गरज पडली नाही. तीन-चार वेळा निरपराध आत्मा खाल्लात की तुम्ही त्याच्याबद्दल न्यायाधीशासारखं बोलणं आपोआप बंद करता.

रातकिडा, तुझा प्रश्न कुंडली की वेळ. माझं उत्तर: त्याचा रोग खेळणाऱ्याला लावा.

अवलिया_सोलापूर

थेट खलनायक होऊन खेळायचं असेल तर ड्रॅगन एज ओरिजिन्सचा 'डार्कस्पॉन क्रॉनिकल्स' (मे २०१०). मूळ गेमचा नायक, ग्रे वॉर्डन, दीक्षेतच मेला असं धरायचं, आणि आपण हरलॉक व्हॅनगार्ड (शत्रूच्या राक्षसी डार्कस्पॉन फौजेतला म्होरक्या) होऊन डेनरिम शहर जाळायचं. बेस गेममध्ये ज्यांच्याशी शेकोटीभोवती गप्पा मारल्या तेच लोक समोर लढायला येतात. तासाभरात खल्लास.

फार क्राय ६ मध्ये पण आहेत ना? वास, पेगन मिन, जोसेफ सीड, हे आधीच्या भागांतले खलनायक. तिघांच्या डोक्यात शिरून खेळायचं.

कोकमसरबत

फार क्राय आरपीजी नाही. (लाठ्या काढू नका.) ते तीन डीएलसी नोव्हेंबर २०२१ पासून फेब्रुवारी २०२२ पर्यंत आले, आणि तिन्ही एकाच साच्यातले. मेलं की पहिल्यापासून सुरू करायचं, दरवेळी जरा जास्त ताकद घेऊन. वासच्या डोक्यात तीच तीच घटना फिरत राहणं त्या साच्याला शोभतं. पण तीच चौकट पेगनलाही आणि जोसेफलाही घातली की मापाचे कपडे राहत नाहीत, युनिफॉर्म होतो.

डार्कस्पॉनबद्दल मात्र सहमत नाही. तिथे खलनायक आहे कुठे? हरलॉकला मन नाही, कारण नाही, फक्त हुकूम. नकाशा उलटा करून दिलाय एवढंच. गंमत म्हणून ठीक.

मेथांबा

आले. चहा घेऊन बसले आहे, मोठं लिहिणार आहे.

कुंडली वाईट आणि गूढ चांगलं, असं सरळ समीकरण मला पटत नाही. कुंडली *सांगितली* जाते तेव्हा वाईट होते. झेनोब्लेड क्रॉनिकल्स २ आठवतो का कुणाला? डिसेंबर २०१७. त्यातला जिन, मुखवटा घालणारा, थंड डोक्याने माणसं कापणारा. मानवजात संपवायला निघालेला. बेस गेममध्ये त्याचं दुःख आहे, पण ते फ्लॅशबॅकमधून. बघून "अरेरे" म्हणायचं आणि पुढच्या लढाईत त्यालाच हाणायचं.

सप्टेंबर २०१८ मध्ये त्याचा डीएलसी 'टॉर्ना' आला. पाचशे वर्षं आधीचा काळ. जिन आपल्या पार्टीत, मालकीण लोरा, सोबत अडॅम, ह्यूगो. यात एक सिस्टिम आहे जिच्यावर सगळ्यांनी खडे फोडले: गावकऱ्यांशी ओळख वाढवल्याशिवाय मुख्य गोष्ट पुढे सरकत नाही. दोनदा अडवतात. कुणाची हरवलेली वस्तू शोधून द्या, कुणाला मासे आणून द्या, दोन भांडणाऱ्यांची समजूत काढा. मीही तेव्हा वैतागले होते. गोष्ट ऐन रंगात आली असताना मला म्हणे आधी चार बायकांची कामं करून ये.

पण मग टॉर्ना, तो अख्खा देश, बुडतं. सगळं, त्या चार बायकांसकट. आणि ज्या यादीत तुम्ही एकेका माणसाचं नाव जमवलंय ती यादी तुमच्याकडे असते. लोराचं काय होतं ते लिहीत नाही. त्यानंतर बेस गेममधला जिन माझ्यासाठी कधीच पहिल्यासारखा राहिला नाही. तरी त्याला माफ करावंसं वाटलं का? नाही. पाचशे वर्षांनंतरच्या निरपराध लोकांना तो मारतो ते मारतोच. फक्त आता मला त्याचा रस्ता माहीत आहे, कारण त्या रस्त्याने मी स्वतः चालून आले.

आर्डिनच्या बाबतीत चूक काय झाली? तो रोग्यांना बरं करायचा हे मला बाहेरच्या अ‍ॅनिमेत *दाखवलं*. ते मला खेळायला का दिलं नाही? पहिला तास फक्त गावोगाव फिरून लोकांची बाधा अंगावर घ्यायची, प्रत्येक वेळी आरोग्याची पट्टी थोडी काळी होत जायची, एरा काळजी करतेय, सोम्नसचे शिपाई मागे धूर सोडत येतायत. मग इन्सोम्निया जाळताना माझे हात थरथरले असते. बहामुट येवो न येवो.

जुनाट कीबोर्ड

मेथांबा, हे त्यांना पत्राने कळवा. खरंच.

रातकिडा

मेथांबा, काळी होत जाणारी पट्टी लाजवाब. आणि हो, माझा प्रश्न चुकीच्या जागी बोट ठेवत होता असं नाही, पण बोट अर्धा इंच सरकवलंत.

तरी ओ'डिमचं काय? तिथे खेळणारा त्याचा रस्ता चालत नाही.

कोकमसरबत

ओ'डिमचा नाही, पण त्याच्याशी सौदा केलेल्या ओल्गिएर्डचा चालतो ना! 'हार्ट्स ऑफ स्टोन' मध्ये दोन खलनायक आहेत आणि काम वाटून घेतलंय. ओ'डिम गूढ राहतो कारण माणसाचा भाग ओल्गिएर्डने उचललाय. सौदा करून अमर झाला, बदल्यात काळीज दगडाचं. भाऊ व्लोडिमिर गेला, बायको आयरिस घरात असून नसल्यासारखी झाली. तिच्या चित्रातल्या जगात तुम्ही स्वतः फिरता, तिच्या लग्नाची आठवण, भांडणाची आठवण, एकेक वस्तू जागेवर लावत. मेथांबा म्हणतेय तेच. आणि तो वायलेट गुलाब तिच्याकडून मागून न्यायचा की नाही, हे ओल्गिएर्डने नाही, तुम्ही ठरवायचं.

मुळाशी पोलंडची पान त्वार्दोव्स्कीची लोककथा आहे. सैतानाशी करार करणारा सरदार, करारातली पळवाट, आणि चंद्र. डीएलसीमध्ये करार असा की दोघं चंद्रावर उभे राहतील तेव्हा हिशेब पुरा. आणि शेवटी मंदिराच्या फरशीवर चंद्राचं मोझेक निघतं! पोलिश पोरांना तो चंद्र दिसल्यावर जे झालं असेल ते आपल्याला बाहेरून नुसतं समजतं. आमच्या सिंधुदुर्गात दशावतारी नाटकाला लोक रात्रभर बसतात ते राक्षसाच्या एंट्रीसाठी. तो कोण, कसा मरणार, सगळ्यांना पाठ. तरी तो आरोळी ठोकत आला की मागच्या रांगेतली झोपलेली पोरं ताडकन उठतात. ओ'डिमचं तसं आहे. त्याचा बाप कोण हे कुणी विचारत नाही, त्याला *यायला* कसं लावलंय ते बघायचं.

पाचवा प्रहर

दशावताराला +१.

मला दुसरंच खुपतं. खलनायकाचा डीएलसी ऐच्छिक असावा की नाही? ओ'डिम नाही खेळला तर विचर ३ ची मूळ गोष्ट अपुरी राहत नाही. पण ड्रॅगन एज इन्क्विझिशन (नोव्हेंबर २०१४) घ्या. श्रेयनामावली संपल्यावर एका सीनमध्ये कळतं की आपला सोबती सोलास म्हणजे फेन'हॅरेल, एल्फांच्या कथांतला दगाबाज देव. अख्खा गेम ज्याच्याशी तात्त्विक गप्पा मारल्या तो! आणि त्याच्याशी समोरासमोर बोलायचं तर सप्टेंबर २०१५ चा 'ट्रेसपासर' घ्या. डीएलसी उत्तम आहे, शेवटचा संवाद तर त्या मालिकेतला माझ्या मते सर्वोत्तम. पण हा शेवट आहे, चटणी नव्हे. शेवट वेगळा विकला. त्यात आधीच्या पिढीच्या कन्सोलवाल्यांना तो मिळालाच नाही, त्यांनी बेस गेम पूर्ण पैसे देऊन घेतला असूनही. पुढचा भाग ऑक्टोबर २०२४ मध्ये आला तो तीच गोष्ट पुढे नेतो.

मेथांबा

ट्रेसपासरबद्दल राग पटतो. पण नऊ-दहा महिन्यांचं अंतर पडल्यामुळे सोलासवर जितकी चर्चा झाली तितकी तो बेस गेममध्येच उलगडला असता तर झाली असती? मी त्या काळात फोरमवर किती रात्री घातल्या ते नवऱ्याला विचारा.

पाचवा प्रहर

वाट बघायला लावणं वेगळं, पैसे मागणं वेगळं. वाट बघायला लावण्याचा उत्तम नमुना हवा तर फॉलआउट न्यू वेगास. त्यात आपण पार्सल पोचवणारा कुरियर असतो. बेस गेममध्ये प्रिम गावात मोहावी एक्सप्रेसच्या ऑफिसात नॅश म्हातारा सहज सांगतो की या कामाला आधी दुसरा एक कुरियर होता, यादीत तुझं नाव बघून त्याने नकार दिला. बस. पुढे 'डेड मनी', 'ऑनेस्ट हार्ट्स', 'ओल्ड वर्ल्ड ब्लूज' मध्ये त्याच्या पाऊलखुणा. कुणीतरी येऊन गेला, कुणाला काहीतरी शिकवून गेला. सप्टेंबर २०११ मध्ये 'लोन्सम रोड', आणि तिथे युलिसिस. तो मुळात सोबती व्हायचा होता, बेस गेममधून कापला गेला. कापलेल्या पात्राचा चार डीएलसींवर पसरलेला खलनायक केला.

आणि त्याची तक्रार काय? की तू एकदा एक पार्सल पोचवलंस, आत काय आहे ते न बघता, आणि माझं गाव त्यात गेलं. खेळणाऱ्याला ते पार्सल आठवतही नाही, कारण ते गेमच्या आधी घडलंय. आपण दर आरपीजीत शेकडो पार्सलं पोचवतो. कधी आत बघितलंय?

अवलिया_सोलापूर

हे वाचून आत्ता इन्स्टॉलला लावलं. युलिसिसशी लढायलाच लागतं का?

पाचवा प्रहर

नाही. बोलण्यात तरबेज असाल, किंवा वाटेत त्याची रेकॉर्डिंग नीट ऐकली असतील, तर समजावता येतं. काही लोकांना तो फार लांबलचक बोलतो असं वाटतं. मलाही अधूनमधून वाटतं. एकेक वाक्य अध्यात्माच्या व्याख्यानातून उचलल्यासारखं.

रातकिडा

एल्डन रिंगवर अजून कुणीच कसं बोललं नाही? 'शॅडो ऑफ द एर्डट्री', जून २०२४. मोगचं काय केलं बघा. बेस गेमभर आपण समजत होतो की मिकेला या अर्धदेवाला पळवून नेणारा किळसवाणा राक्षस हाच. डीएलसीत जायला त्यालाच मारावं लागतं. आत गेल्यावर त्याचा जुना सरदार अ‍ॅन्सबाख सांगतो की मोगवर मिकेलानेच मोहिनी घातली होती. म्हणजे आपण ज्याला मारून आत आलो तोच वापरला गेलेला. मेथांबा, हे *सांगितलंय*, खेळवलेलं नाही. तरी मला लागलं.

मेथांबा

कारण मोगला मारलंस ते तू. हात तुझेच होते, फक्त आधी.

त्याच डीएलसीत मरिकाचं जे आहे ते मला जास्त भावलं. तिने आपल्या मुलाला, मेस्मरला, हॉर्नसेंट लोकांवर सोडलं, कत्तल करवली, वर त्या पोराला तिथेच टाकून दिलं. का, ते कुणी उभं राहून सांगत नाही. एका गावात माठ आहेत, माठांत माणसं कोंबलेली आहेत. दुसरं एक गाव आहे, फुलांनी भरलेलं आणि रिकामं. दोन्ही ठिकाणी जाऊन वस्तूंची वर्णनं वाचलीत तर तिचे लोक कोण होते आणि त्यांचं काय झालं ते जुळतं. नाही गेलात तर ती शेवटपर्यंत क्रूर देवीच राहते. कित्येक जण त्या रिकाम्या गावापर्यंत पोचतच नाहीत, आणि बनवणाऱ्यांना ते चालतं. एवढा धीर फार कमी जणांकडे असतो.

पोस्टरवर मात्र मेस्मर आणि अखेरची लढाई राडानशी, हे मला आवडलं नाही. तो वाद इथे नको, धागा हायजॅक होईल.

टपरीवरचा चहा

वाद नको म्हणून वात पेटवून ठेवलीत. राडानवर वेगळा धागा काढा, मी येतो.

मला आता घाईचा प्रश्न: यातलं काहीच खेळलेलो नाही (फायनल फॅन्टसी १५ ची डिस्क पडून आहे, वर सांगितलेली). सुरुवात कुठून करू?

कोकमसरबत

'हार्ट्स ऑफ स्टोन'. दहा तासांचं आहे, फापटपसारा नाही. पण व्हाइट ऑर्चर्डपासून खेळत या, थेट उडी मारायची सोय दिलीय ती वापरू नका, नाहीतर आरसेविक्या ओळखू येणार नाही.

जुनाट कीबोर्ड

संगणक जुना असेल तर 'मास्क ऑफ द बिट्रेयर'. कॅमेरा दळभद्री आहे, पहिला तास सहन करा.

रातकिडा

डिस्क आहेच तर फायनल फॅन्टसी १५ खेळ, पण आर्डिनचा डीएलसी मूळ गोष्ट पूर्ण संपल्यावरच. आधी घेतलास तर गॅल्डिन कीच्या धक्क्यावर तो हॅटवाला दिसताच तुला त्याची दया येईल, आणि पुढच्या सगळ्या चॅप्टरची मजा गेली. शक्य असेल तर जपानी आवाज लाव, केइजी फुजिवारांचा. ते २०२० मध्ये गेले. इंग्रजीतला डॅरिन डी पॉलही कमी नाही, लाउडस्पीकरच्या चॅप्टरसाठी तर मी त्यालाच एक गुण जास्त देईन.

कोकमसरबत

बघा, धागा काढला डीएलसीला शिव्या घालायला आणि शेवटी विकतोय कोण!

रातकिडा

सेलमध्ये घे म्हणतोय. पूर्ण किमतीत अजिबात नाही.